नावे कोणाच्या टाकायचे?

"सगळे देवाच्या इच्छेने घडत असेल, तर माझ्या हातून झालेल्या चुकीला चूक म्हणायचे की नाही?" सांगली-मिरजेच्या ख्रिस्ती कुटुंबांतून माझ्याकडे समुपदेशनासाठी येणारी माणसे हा प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारतात, आणि बहुतेक वेळा त्यामागे घरातला एखादा मृत्यू असतो. येथे सांगते तो अनुभव संबंधितांच्या संमतीने, ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून लिहिला आहे.

हे गृहस्थ पंचेचाळिशीचे, हळदीच्या अडत दुकानात हिशेब लिहिणारे. त्यांचे ७४ वर्षांचे वडील एका रात्री दोनच्या सुमारास छातीत जळजळते म्हणून उठून बसले. अंगाला घाम सुटला होता. मुलाने दवाखान्यात जाऊ या म्हटले, तेव्हा वडील म्हणाले, "पित्त आहे, सकाळी बघू." सकाळी सहा वाजता रिक्षा दारात आली, तोवर सारे संपले होते. अंत्यविधीला आलेल्या पाळकांपासून शेजाऱ्यांपर्यंत प्रत्येकाने "प्रभूची इच्छा" एवढेच म्हटले, आणि त्यांच्या आई तर ते येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगत राहिल्या.

पहिल्याच भेटीत ते म्हणाले, "मॅडम, प्रभूची इच्छा असेल तर मी कशाला झुरतो? आणि चूक माझी असेल, तर लोक प्रभूचे नाव का घेतात? रक्कम एकच आहे, ती कुणा एकाच्याच नावे पडणार ना?" त्यांना रोज रात्री दोनला जाग येत होती. त्याहून मला काळजीचे वाटले ते दुसरेच: त्यांनी कोणताही निर्णय घेणे सोडून दिले होते. मुलीच्या अकरावीच्या प्रवेशाचा अर्ज भरायचा राहिला होता आणि "जे ठरले आहे ते होईल" एवढेच उत्तर घरात मिळत होते.

मी त्यांना "तुमची काही चूक नव्हती" असे म्हटले नाही. घाम त्यांनी पाहिला होता; तो पाहिलाच नाही असे मी सुचवले असते, तर त्यांचा माझ्यावरचा विश्वास तेथेच उडाला असता. हिशेब लिहिणारा माणूस खोटी नोंद लगेच ओळखतो. मला खटकत होती ती त्यांची हिशेबाची पद्धत. देव आणि माणूस हे एका दुकानातले दोन भागीदार आहेत, एकाचा वाटा वाढला की दुसऱ्याचा घटतो, असे ते धरून चालले होते, आणि ख्रिस्ती विचारातल्या मोठ्या प्रवाहाने नेमके हेच नाकारले आहे. मिरजेत १८९४ साली डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी ज्या प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे रुग्णालय उघडले, त्या परंपरेचा वेस्टमिन्स्टर विश्वासांगीकार, म्हणजे श्रद्धेचा अधिकृत जाहीरनामा, १६४६ साली तयार झाला. देवाने सर्व काही नियोजिले आहे, असे तो अगदी कडक शब्दांत सांगतो. पण त्याच वाक्यात तो पुढे म्हणतो की यामुळे देव पापाचा कर्ता ठरत नाही, माणसाच्या इच्छेवर जबरदस्ती होत नाही आणि दुय्यम कारणांचे, म्हणजे देवाखेरीज माणसाच्या कृतीसारख्या इतर कारणांचे, स्वातंत्र्य नाहीसे न होता उलट पक्के होते. ऑपरेशनपूर्वी प्रार्थना करणारा सर्जन हात धुण्यात कुचराई करत नाही, ते याच समजुतीमुळे. अशा प्रकारचे उत्तर डच धर्मशास्त्रज्ञ आर्मिनियसच्या अनुयायांना त्याआधीच पुरेसे वाटले नव्हते. माणूस देवाची कृपा नाकारू शकतो असा त्यांचा आग्रह होता, आणि १६१८-१९ साली डॉर्टच्या धर्मसभेने त्यांच्या विरोधात निर्णय देऊनही तो वाद आजवर मिटलेला नाही. या गृहस्थांनी मोबाइलवर दोन्ही बाजूंची प्रवचने रात्र रात्र ऐकली होती. शोकात बुडालेल्या माणसाने पहाटे तीन वाजता धर्मशास्त्राचा निकाल लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि ते मी त्यांना सांगितले.

त्याऐवजी आम्ही बायबलमधल्या योसेफाची गोष्ट काढली. भावांनी विकल्यावर अनेक वर्षांनी तो त्यांना सांगतो की तुम्ही माझे वाईट योजले, पण देवाने त्यातून भले योजले. उत्पत्तीच्या पन्नासाव्या अध्यायातले हे वचन त्यांना पाठ होते. मी विचारले, "हे वाक्य कोण बोलतो?" ते म्हणाले, "योसेफ." "आणि भावांनी त्याला विकले त्याच संध्याकाळी, 'देवाचीच योजना होती' असे म्हटले असते तर?" ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "तर ती पळवाट झाली असती." ज्याने सोसले त्याने, सोसून झाल्यावर, मागे वळून म्हणायचे ते वाक्य आपण शोकाच्या पहिल्याच दिवशी दुसऱ्याच्या हातात देतो. देणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण घेणाऱ्याला ते पेलत नाही. बायबलमध्ये सर्वस्व गमावलेल्या ईयोबाचे मित्रही त्याच्याजवळ सात दिवस मुकाट बसले तोवरच बरे होते.

राहिला प्रश्न निर्णयांचा. बायबलमधल्या प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या सत्ताविसाव्या अध्यायात वादळात सापडलेल्या गलबतावर २७६ माणसे आहेत. एकाचाही जीव जाणार नाही असे देवदूताने त्यावरच्या प्रेषित पौलाला सांगितलेले आहे. तरीही खलाशी नांगर टाकण्याचे निमित्त करून होडी उतरवू लागतात, तेव्हा हाच पौल शताधिपतीला बजावतो की हे लोक गलबतावर राहिले नाहीत तर तुमचा बचाव होणार नाही. शिपाई होडीचे दोर कापतात. वचन पक्के असूनही दोर कापावाच लागला. हे वाचून ते थोडे हसले आणि म्हणाले, "म्हणजे अर्ज मलाच भरावा लागणार." त्या आठवड्यात तो भरला गेला.

तरी दोन वाजताची जाग चालूच होती. चौथ्या भेटीत मी त्यांना ती रात्र पुन्हा सांगायला लावली आणि या वेळी फक्त इतकेच विचारले की त्या खोलीत निर्णय घेणारी माणसे किती होती. त्यांच्या कहाणीत वडील नुसते पडून होते, जणू एखादे पोते उचलून न्यायचे राहून गेले. प्रत्यक्षात ते शुद्धीवर होते, स्वतःचे मत असलेले होते, आयुष्यभर कुणाचे न ऐकणारे होते, आणि त्यांनी नाही म्हटले होते. माणसाच्या इच्छास्वातंत्र्याबद्दल इतका खल करणाऱ्या या मुलाने आपल्या वडिलांचे इच्छास्वातंत्र्य मात्र हिशेबात धरलेच नव्हते. "मी आणखी एकदा आग्रह करायला हवा होता," असे ते शेवटी म्हणाले, आणि त्या वाक्याला मी हात लावला नाही, कारण ते खरे होते आणि आता त्याचे वजन एका माणसाला उचलता येईल इतके झाले होते. त्यासाठी क्षमा मागायची की नाही, ते त्यांनी पाळकांशी बोलून ठरवायचे होते.

पाचव्या भेटीला ते उशिरा आले. आदल्या रात्री आई पुन्हा "प्रभूची इच्छा" म्हणाल्या, तेव्हा त्यांनी न चिडता पहिल्यांदाच विचारले, "आई, म्हणजे काय गं?" त्या रडू लागल्या. वडील गेले त्या रात्री मुलगा पाणी आणायला आत गेला असताना, "त्याला उगीच घाबरवू नका, झोपा आता," असे नवऱ्याला त्यांनीच सांगितले होते. हे त्यांनी कोणालाच सांगितले नव्हते.

"पुढच्या वेळी आईला घेऊन येऊ का?" त्यांनी विचारले. मी वहीत गुरुवारची वेळ लिहून घेतली.