कीर्द म्हणा, नियतकालिक नको

प्रश्न : निपाणीच्या एका विद्यार्थ्याचा आहे. 'लिनक्स कर्नलमधल्या एक्स्ट-४ फाइलसिस्टिमच्या जर्नलचा कोड क्लीनअप कसा करतात यावर मराठीत टिपण लिहितो आहे. शीर्षकाला "नियतकालिक संहितेची स्वच्छता" चालेल का?'

उत्तर : चालणार नाही. नियतकालिक म्हणजे वर्गणी भरून घरी येते ते. 'संहिते'बद्दल आज बोलत नाही. 'स्वच्छता' ही स्थिती आहे, काम नव्हे. कामाला 'साफसफाई' म्हणा आणि मोकळे व्हा.

आता जर्नल. एक्स्ट-४ ही लिनक्सची डिस्कवर फाइली मांडून ठेवणारी व्यवस्था, म्हणजे फाइलसिस्टिम; डिस्कवर बदल करण्याआधी ती ज्या वहीत नोंद करते ते तिचे जर्नल. हिशेबाच्या मराठी पुस्तकांत जर्नलला रोजकीर्द आणि लेजरला खतावणी म्हणतात. बेळगावच्या रविवार पेठेत किंवा चिकोडीच्या एखाद्या सौहार्द सोसायटीत जुन्या दिवाणजींना विचारा, कोश उघडावा लागणार नाही. कन्नडातही हीच वही 'किर्दी' म्हणून नांदते. सीमेच्या दोन्ही बाजूंना कळणारा शब्द हाताशी असताना नियतकालिक कशाला?

यावर भाषाशुद्धीवाले लगेच म्हणतात, कीर्द फारसी आहे, 'रोजनिशी' लिहा. रोजनिशीतला 'रोज' फारसी आणि 'निशी'ही फारसीच, चिटणीस-फडणिसातला जो 'नवीस' तोच. एक फारसी शब्द काढून दुसरा बसवण्यात कसली शुद्धी? कीर्द हा 'कीर्ती'चा अपभ्रंश असे छातीठोक सांगणारेही भेटतात. त्यांच्याशी वाद घालत नाही.

खरी गंमत पुढे आहे. फारसी 'कर्द' म्हणजे 'केले'. प्राचीन फारसीत तो 'कर्त' होता, आणि त्याचा संस्कृतातला जोडीदार 'कृत'. म्हणजे कीर्द आणि कृत एकाच धातूची लेकरे. 'कारकीर्द'मध्ये तर ती दोनदा दिसतात, कारण 'कार'ही त्याच मुळाचा. ज्यांना कीर्द परकी वाटते त्यांनी आधी 'कृती' हाकलून दाखवावी.

माझे म्हणणे आणखी एक पाऊल पुढे आहे. इंग्रजी जर्नलच्या मुळाशी लॅटिनमधला 'दिवस' आहे, म्हणजे तो फक्त रोजकीर्दीतल्या 'रोज'चा अनुवाद. फाइलसिस्टिमला दिवसाशी काही देणेघेणे नाही; एक्स्ट-४ दर ५ सेकंदांनी नोंद पक्की करते, तीही मूळ सेटिंग बदलले नसेल तर. तिथे उरते ती निव्वळ 'केले'ची नोंद. तेव्हा 'रोज' गाळून नुसते 'कीर्द' म्हणणे हे मूळ इंग्रजी शब्दापेक्षाही नेमके आहे. हे कुणाला पटत नाही, पण आहे खरे.

रचनाही तीच आहे. कोणता ब्लॉक (डिस्कचा ठरावीक मापाचा तुकडा) कुठे जायचा ते सांगणारा ब्लॉक आधी लिहिला जातो, मग त्या ब्लॉकांच्या प्रती, शेवटी कमिटचा, म्हणजे नोंद पक्की झाल्याचा ब्लॉक. वीज गेली आणि कमिटचा ब्लॉक सापडला नाही, तर ती नोंद धरतच नाहीत. कीर्दीतले ब्लॉक सवडीने मूळ जागी गेले की चेकपॉइंट होतो, म्हणजे सरळसरळ खतावणी. चेकपॉइंटला 'तपासणी नाका' लिहिलेलेही पाहण्यात येते. तपासणी नाका कोगनोळीला असतो, कर्नलमध्ये नसतो.

कीर्द 'साफ करणे' म्हणताना तर लोक तीन भलत्या गोष्टी एकत्र करतात. लिनक्समधल्या सेवा चालवणाऱ्या सिस्टिमडीचे जर्नल म्हणजे लॉग, घडामोडींची टाचणे. ते छाटले की जागा मोकळी होते, फाइलसिस्टिमला धक्का लागत नाही. ट्यून-टू-एफएस या फाइलसिस्टिमची सेटिंगे बदलणाऱ्या आज्ञेने एक्स्ट-४ ची कीर्दच काढून टाकणे हा दुसरा प्रकार. तो डिस्क अनमाउंट करूनच करावा, आणि त्यानंतर वीज गेली की अख्खी डिस्क तपासत बसायची तयारी ठेवावी. कीर्दीत न खतावलेल्या नोंदी असतील तर ही आज्ञा नकार देते. तिथे हट्टाने जबरदस्तीचा पर्याय वापरला तर त्या नोंदी गेल्या; आधी ई-टू-एफएसके, म्हणजे डिस्क तपासून दुरुस्त करणारी आज्ञा, चालवा.

तिसरा प्रकार तुमचा, कोडच्या साफसफाईचा. एक्स्ट-४ ची कीर्द सांभाळणारा कर्नलमधला भाग म्हणजे जेबीडी-२. त्याच्या मुख्य फायली सहा : जर्नल, ट्रान्झॅक्शन, कमिट, चेकपॉइंट, रिव्होक, रिकव्हरी. यातली रिकव्हरी उघडलीत की एकच फंक्शन तीनदा बोलावलेले दिसेल : कीर्द कुठे संपते ते शोधायला, रद्द नोंदी (रिव्होक, म्हणजे 'या ब्लॉकची जुनी प्रत उतरवू नका' अशा खुणा) गोळा करायला, आणि मग ब्लॉक मूळ जागी उतरवायला. नवख्याला मधली फेरी फालतू वाटते. ती काढून पाहा काय होते : एक ब्लॉक एका डिरेक्टरीचा होता, त्याची प्रत कीर्दीत गेली. डिरेक्टरी पुसली, तोच ब्लॉक एका फाइलला मिळाला. नेहमीच्या ऑर्डर्ड पद्धतीत फाइलचा मजकूर कीर्दीत जात नाही, थेट डिस्कवर जातो. आता वीज गेली. रद्द नोंद पाहिली नाही, तर जुनी डिरेक्टरी नव्या मजकुरावर जाऊन बसते, आणि कुठलाही एरर येत नाही.

म्हणून साफसफाईच्या पॅचमध्ये, म्हणजे कोडमधला बदल म्हणून पाठवायच्या तुकड्यात, कोडची वागणूक बदलायची नसते. फंक्शन हलवणे एका पॅचमध्ये, त्यात फेरफार दुसऱ्यात. प्रत्येक पॅचनंतर कर्नल बांधला गेला पाहिजे, नाहीतर पुढे दोष कोणत्या पॅचने आला ते शोधायला गिट बायसेक्ट लावणारा अडकतो. एरर आला की फंक्शनच्या शेवटी उडी मारणारे 'गोटू' एकेक तपासा, बफर सोडायचा राहतो तो तिथेच. एफएसटेस्ट्स या फाइलसिस्टिमच्या चाचण्यांच्या संचातला 'क्विक' गट आधी चालवा, मग 'ऑटो', आणि कीर्दीला हात लावला असेल तर 'शटडाउन' व 'रिकव्हरीलूप' चुकवू नका. ४ केबीबरोबर १ केबीच्या ब्लॉकवरही चालवा. मेमरीच्या पानापेक्षा (पेजपेक्षा) लहान ब्लॉकच्या चुका तिथेच उघड्या पडतात.

या प्रांतातली सर्वांत मोठी सफाई २०१५ ची. २००६ मध्ये एक्स्ट-४ साठी, आधीच्या एक्स्ट-३ ची कीर्द सांभाळणाऱ्या जेबीडीची प्रत काढून जेबीडी-२ केले, तेव्हापासून एकच दोष दोन ठिकाणी दुरुस्त करावा लागे. कर्नलच्या ४.३ आवृत्तीत एक्स्ट-३ चा ड्रायव्हर आणि जुना जेबीडी दोन्ही काढले. एक्स्ट-३ च्या डिस्क मात्र आजही माउंट होतात, एक्स्ट-४ चाच कोड ते काम करतो. याला म्हणतात साफसफाई. नुसत्या स्पेस आणि टॅब सारखे करणारे पॅच पाठवू नका. जुन्या स्थिर आवृत्त्यांवर दुरुस्त्या चढवताना ते आडवे येतात.

हो, शीर्षक राहिलेच : 'एक्स्ट-४ च्या कीर्दीच्या कोडची साफसफाई'. कीर्द स्त्रीलिंगी, 'की' दीर्घ.