रत्नागिरीत अंगणात लाल पानांचा जपानी मेपल जगेल का?

स्पष्ट सांगतो, नाही. मेपलला हिवाळ्यात पानं गाळून दोन-तीन महिने थंडीत झोपावं लागतं. आपल्याकडे जानेवारीतली पहाटही 18-19 अंशांच्या आसपास. मी हौसेने कुंडीत लावला होता. एप्रिलपर्यंत लाल पानं हिरवट-तपकिरी झाली, खाऱ्या वाऱ्याने टोकं जळून पापडासारखी कुरकुरीत. उरलंसुरलं काम जुलैच्या पावसाने केलं, मुळंच कुजली. पैसे पाण्यात, अक्षरशः!

लाल रंगच हवा ना? मग अकॅलिफा हे रंगीत पानांचं झुडूप लावा. पावसाच्या सुरुवातीला गडग्याच्या कडेला नुसती फांदी खोचली तरी फुटते, आणि ऊन जितकं जास्त तितकी पानं तांबडी. जागा मोठी असती तर कोशिंब सुचवला असता. फाल्गुन-चैत्रात त्याची लालभडक पालवी बघा एकदा.