'दीर्घिकासमूह' आणि 'दीर्घिकागुच्छ'

सॅटेलाइट गॅलक्सींविषयीच्या, म्हणजे मोठ्या दीर्घिकेभोवती फिरणाऱ्या लहान दीर्घिकांविषयीच्या लेखाचा अनुवाद करताना दीर्घिकांचा 'ग्रुप' आणि 'क्लस्टर' या दोहोंसाठी 'समूह' हा एकच शब्द वापरला तर चालेल का, असा प्रश्न आला आहे. एरवी चालून गेले असते. या विषयात मात्र चालणार नाही, कारण इथे सगळा युक्तिवाद या दोन परिसरांतल्या फरकावरच उभा असतो. म्हणून 'ग्रुप'ला 'समूह' आणि 'क्लस्टर'ला 'गुच्छ' म्हणावे.

आपली आकाशगंगा आणि देवयानी दीर्घिका ज्यात आहेत तो 'स्थानिक समूह'. त्यात मोठ्या दीर्घिका मोजक्याच, बाकीच्या लहान. याउलट सुमारे साडेपाच कोटी प्रकाशवर्षांवरच्या कन्या गुच्छात हजाराहून अधिक दीर्घिका आहेत आणि त्यांच्या मधल्या जागेत कोट्यवधी अंश तापमानाचा विरळ वायू भरलेला आहे. या वायूतून वेगाने जाणाऱ्या दीर्घिकेवर पडणारा दाब वायूच्या घनतेच्या आणि वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, हे जेम्स गन आणि रिचर्ड गॉट यांनी १९७२ मध्ये मांडले. गुच्छात सेकंदाला हजार किलोमीटरच्या आसपासचे वेग सर्रास आढळतात, समूहात ते दोन-तीनशेच्या घरात असतात. म्हणजे घनता तीच धरली तरी वेग चौपट झाला की दाब सोळापट होतो. नॉर्मा गुच्छातल्या 'ईएसओ १३७-००१' या दीर्घिकेचा वायू असा ओरबाडला जाऊन तिच्यामागे लांबलचक शेपटासारखा पसरला आहे, आणि त्या शेपटातही नवे तारे जन्मत आहेत. समूहात वेग कमी असल्यामुळे दीर्घिकांना एकमेकींना ओढण्यास सवड मिळते आणि विलीनीकरणे अधिक होतात.

पुष्कळ दीर्घिका आधी समूहात शिरतात, तिथे त्यांचा काही वायू जातो, आणि मग तो समूहच्या समूह गुच्छात ओढला जातो. या पहिल्या टप्प्याला इंग्रजीत 'प्रीप्रोसेसिंग' म्हणतात. मला 'पूर्वसंस्कार' हा शब्द त्यासाठी चपखल वाटतो. आता "समूहात पूर्वसंस्कार झालेल्या दीर्घिका गुच्छात शिरतात" हे वाक्य दोन्हीकडे 'समूह' घालून वाचून पाहावे. 'गुच्छ' हा शब्द ताऱ्यांसाठी आधीच रूढ असल्याने पहिल्या उल्लेखात 'दीर्घिकागुच्छ' असे पूर्ण लिहावे.

'स्ट्रँग्युलेशन' या संज्ञेसाठी 'गळचेपी' शब्दशः बरोबर असला, तरी मराठीत त्याला मुस्कटदाबीचा वास येतो. बाहेरून येणारा वायू तुटतो आणि दीर्घिका उरलेल्या साठ्यावर तारे घडवत राहून अखेर थंडावते, हे 'उपासमार' या शब्दाने नेमके कळते.

राहिला 'सॅटेलाइट'. 'उपग्रह दीर्घिका' रूढ होऊ पाहत आहे, पण त्यातला 'ग्रह' विनाकारण मध्ये येतो. मी 'अनुचर दीर्घिका' लिहितो.