भारतात पूर्वी चांदीची खाण होती का, की सगळी चांदी बाहेरूनच यायची?

होती, आणि एक नाही. पण तुमच्या प्रश्नाचा दुसरा भागही बराचसा खरा आहे. आपल्याकडे चांदीची भूक मोठी आणि खाणी थोड्या, त्यामुळे रोमन व्यापारापासून पुढे स्पॅनिश अमेरिकेतल्या चांदीपर्यंत खूप चांदी समुद्रमार्गेच आली. तरी राजस्थानात अरवलीच्या डोंगरांत जावर, राजपुरा-दरीबा आणि रामपुरा-आगुचा इथे दोन हजार वर्षांहून जुन्या भूमिगत खाणी आहेत. माझं शिक्षण भूगर्भशास्त्राचं. यांतलं जावर मी पाहिलं आहे, म्हणून त्याबद्दलच लिहितो.

जावर उदयपूरच्या दक्षिणेला, रस्त्याने साधारण ४० किलोमीटरवर. टीडी नदीच्या काठाने मोचिया, बलारिया, जावरमाला आणि बरोई असे डोंगर उभे आहेत. चांदीची खाण म्हटली की खडकात चमकणारी चांदीची शीर डोळ्यांपुढे येते. इथे तसं काहीच दिसत नाही. इथला मुख्य खडक डोलोमाइट, म्हणजे चुनखडीच्या जातीचा. उथळ समुद्राच्या तळाशी साचलेला हा गाळ दीडशे कोटी वर्षांहून जुना आहे. त्यात जस्त, शिसं आणि लोह यांची गंधकयुक्त खनिजं जमली. पुढे अरवली घडताना सगळ्या थरांना घड्या पडल्या, भेगा गेल्या आणि खनिजं त्या भेगांत एकवटली. शिशाचं खनिज गॅलेना. तुकडा हातात घेतला की आकाराच्या मानाने भलताच जड लागतो. फोडला तर काटकोनात फुटतो आणि ताज्या बाजूवर करडी चकाकी दिसते. चांदी आहे ती या गॅलेनात आणि त्याच्या आजूबाजूच्या बारीक खनिजकणांत, तीही फार थोडी. डोळ्यांना ती दिसतच नाही.

मग इतक्या जुन्या काळी ती काढली कशी? आधी खडक फोडायचा. सुरुंगाची दारू नव्हती. खडकाच्या तोंडाशी लाकडं रचून मोठा जाळ करायचे. तापून खडक तडकला की लोखंडी छिन्न्यांनी आणि पहारींनी ढलप्या काढायच्या. जुन्या भुयारांच्या भिंती याची साक्ष देतात. सुरुंगाने फुटलेला खडक धारदार, वेडावाकडा असतो; इथे भिंती गोलसर आणि गुळगुळीत, वर काजळीचा थर. मी त्या भिंतीवर हात फिरवला तेव्हा बोटं काळी झाली. धुराने भरलेल्या त्या अरुंद जागेत तेलाच्या दिव्यावर माणसं काम करत होती, हे मला कुठल्याही राजवाड्यापेक्षा मोठं वाटतं. आधारासाठी लावलेली त्यांची लाकडं काही ठिकाणी अजून टिकून आहेत. कार्बन पद्धतीने त्यांचं वय काढलं, तर जावरमालातलं काम साधारण इसवी सनापूर्वीच्या पाचव्या शतकापर्यंत मागे जातं. दरीबाचं तर त्याहूनही जुनं.

पुढचं काम भट्टीचं. गॅलेना भाजून वितळवलं की शिसं मिळतं आणि चांदी त्या शिशातच उतरते. हे शिसं राखेच्या उथळ मुशीत, म्हणजे धातू वितळवायच्या भांड्यात, ठेवून वरून हवा देत तापवत ठेवायचं. शिशाचा हवेशी संयोग होऊन भस्म बनते, ते राख शोषून घेते. चांदीवर हवेचा परिणाम होत नाही, म्हणून शेवटी मुशीत चांदीचा मणी उरतो. तोळाभर चांदीसाठी किती शिसं आणि किती जंगल जळलं असेल, याचा विचार करून पाहा.

जावरची खरी थोरवी मात्र माझ्या मते जस्तात आहे. जस्त काढणं फार अवघड. खनिजातून ते सुटं व्हायला १००० अंशांच्या वर उष्णता लागते, पण जस्त ९०७ अंशांनाच उकळतं. म्हणजे धातू मिळतो तो वाफेच्या रूपात, आणि हवा लागली की वाफेचं पुन्हा भस्म. जावरच्या कारागिरांनी वांग्याच्या आकाराच्या मातीच्या मुशी केल्या. त्यात खनिज आणि कोळसा भरून तोंडात काडी खोचायची आणि मूस उलटी ठेवायची. काडीमुळे आतला माल खाली पडत नसे. ती जळाली की तिच्या जागी वाफेला वाट व्हायची, आणि वाफ खालच्या थंड कप्प्यात जाऊन जस्त जमायचं. एका भट्टीत अशा ३६ मुशी. ‘रसरत्नसमुच्चय’ या संस्कृत ग्रंथातही वांग्याच्या आकाराच्या मुशीने जस्त काढायची रीत दिली आहे. १९८३ मध्ये ब्रिटिश म्युझियम, बडोद्याचं महाराजा सयाजीराव विद्यापीठ आणि हिंदुस्तान झिंक ही खाण कंपनी यांच्या उत्खननात या भट्ट्या जवळजवळ जशाच्या तशा सापडल्या. युरोपात ब्रिस्टलच्या विल्यम चॅम्पियनने जस्ताच्या ऊर्ध्वपातनाचं, म्हणजे वाफ करून ती थंड करून धातू मिळवण्याचं, पेटंट घेतलं ते १७३८ मध्ये; जावरला त्याआधी काही शतकं हे काम मोठ्या प्रमाणावर चालू होतं. वापरून झालेल्या मुशींचे ढीगच्या ढीग तिथे आहेत, आणि जुन्या गावातल्या घरांच्या भिंतीही याच मुशी रचून बांधलेल्या आहेत.

मेवाडच्या परंपरेत जावरच्या चांदीचं श्रेय चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या महाराणा लाखा यांच्या काळाला देतात. लाकडांचं वय पाहता ती सुरुवात नव्हे, जुन्या खाणी पुन्हा जोमाने चालू झाल्या असं समजावं. गाव संपन्न होतं. तिथली जैन मंदिरं आणि राणा कुंभांची मुलगी रमाबाई हिने १४९७ च्या सुमारास बांधलेलं मंदिर त्याची खूण आहे. इंग्रजी गॅझेटियरनुसार १७६६ पर्यंत इथून वर्षाला दोन लाख रुपयांहून अधिक महसूल यायचा. पुढची वर्षं मेवाडला वाईट गेली, आणि त्यात शिंदे-होळकरांच्या खंडणीचा वाटा मोठा होता हे आपण मराठी माणसांनी मोकळेपणाने मान्य करायला हवं. १८१२-१३ च्या दुष्काळात काम थांबलं ते विसाव्या शतकात, १९४० च्या दशकात पुन्हा सुरू झालं. १९६६ मध्ये हिंदुस्तान झिंकची स्थापना झाली. नव्या भूगर्भशास्त्रज्ञांनी खनिजाचा माग काढला तोही बऱ्याच ठिकाणी या जुन्या खोदकामांवरूनच.

आजही भारतात निघणारी जवळपास सगळी चांदी याच पट्ट्यातून, शिसं आणि जस्त काढताना सोबत मिळते. त्यात दरीबाजवळच्या सिंदेसर खुर्द खाणीचा वाटा सगळ्यात मोठा. आपली गरज तेवढ्यावर भागत नाही, म्हणून आयात अजूनही चालूच आहे.