कॅराओकेसाठी कुठलं गाणं बसवायचं, यावर एक पत्र

हॅलो गं,

तुझी लिस्ट बघितली. बोनेनकाईनंतर, म्हणजे ऑफिसच्या वर्षअखेरीच्या पार्टीनंतर, अख्खी टीम कॅराओकेला जाणार आणि तुला एक तरी जपानी गाणं म्हणावं लागणार, हे सगळं समजलं, पण लिस्टमधली निम्मी गाणी ॲनिमेची आणि उरलेली योआसोबी या पॉप जोडीची, म्हणजे जे दिवसभर हेडफोनमध्ये चालू असतं तेच उचलून तू मला पाठवलंयस. खोडून टाक. कायमचं नाही गं, या डिसेंबरपुरतं.

'योरु नि काकेरु'च घे ना. २०१९ चं गाणं, सगळ्यांना पाठ, मान्य. पण ते करणारा योआसोबीतला आयासे व्होकलॉइडच्या दुनियेतून आलेला आहे, तिथे गाणारं सॉफ्टवेअर असतं, त्याला श्वास बिस काही लागत नाही, आणि ते चालीत दिसतंच, शब्दावर शब्द, दम खायला जागा नाही, आणि शेवटाकडे पट्टीच बदलते. त्यांची गायिका इकुरा ते सहज गाते कारण ती इकुरा आहे. तुला कांजी, म्हणजे ती चित्रलिपीतली अक्षरं, वाचायला अजून अर्धा सेकंद जास्त लागतो आणि तेवढ्यात स्क्रीनवरचे शब्द रंगत पुढे निघून जातात, एकदा सुटलं की पुढे सगळं ला ला ला.

आधी आवाज बघ, गाणं नंतर. तू प्रवेशिकेपर्यंत काळी चारमध्ये, म्हणजे पेटीवरची चौथी काळी सा धरून, गायलीयस, ते इथे कामाला येतं. जपानीत गाण्याच्या नावापुढे 'ओन्इकि' असं टाकून सर्च केलंस तर ते गाणं खाली कुठपर्यंत आणि वर कुठपर्यंत जातं ते लिहिलेलं सापडतं, त्यात 'हाय ए', 'हाय सी' असं काहीतरी असतं. हाय ए म्हणजे पेटीवरची मधल्या सप्तकातली पांढरी सहा आणि हाय सी म्हणजे त्याच्या वरच्या सप्तकातली पांढरी एक. काळी चारच्या हिशोबाने हाय सी हा तुझा तार सप्तकातला शुद्ध गंधार. आता सांग, तानेत तार गंधाराला शिवून खाली येणं वेगळं आणि अख्खा कोरस तिथेच उभं राहून शब्द म्हणणं वेगळं, की नाही? जे-पॉपमध्ये बायकांच्या कितीतरी गाण्यांचे कोरस नेमके त्याच भागात घोटाळत असतात. म्हणून गाणं उघडलंस की सगळ्यात वरचा एक सूर बघून घाबरू नकोस, कोरस जास्तीत जास्त वेळ कुठे बसलाय ते बघ.

आणि 'की', म्हणजे पट्टी, बदलायला अजिबात लाजायचं नाही! खोलीतल्या टॅब्लेटवर, डॅम कंपनीच्या मशीनवर त्याला देनमोकु म्हणतात, फ्लॅट आणि शार्पची बटणं असतात, एकदा दाबलं की अर्धा सूर. जपानी बायका सर्रास दोन-तीन खाली घेतात आणि कोणी काही म्हणत नाही. तू तर गायक बदलला की पट्टी बदलते अशा घरातली, तुला 'ओरिजिनल की'चं एवढं कौतुक कुठून आलं कळत नाही मला. पुरुषाचं गाणं आवडलं असेल तरी तेच, तीन-चार वर ढकल आणि गा. साकामोतो क्यूचं १९६१ चं 'उए ओ मुइते अरुको' असं वर घेऊन बायका मजेत म्हणतात, त्यात मध्ये शिट्टी आहे ती येत नसेल तर शेजारच्याला वाजवायला सांग, खोली लगेच तुझ्या बाजूने होते.

बसवायला सुरुवात मात्र तू ज्याला 'बालगीत' म्हणून नाक मुरडशील त्यानेच कर. 'अकातोम्बो', लाल चतुर. चाल यामादा कोसाकुची, १९२७ ची, इथल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांपासून पोरांपर्यंत सगळ्यांना येते. स्वर बघ, मध्यम नाही, निषाद नाही, सरळ सरळ भूपाचे स्वर. पण सोपं समजून हात घालू नकोस, पहिल्याच ओळीत ते मंद्र पंचमापासून निघतं, मधल्या पंचमावरून तार षड्जाला जातं आणि धैवतावरून परत उतरतं, म्हणजे एका श्वासात तुझा जवळपास सगळा आवाज तपासून होतो. लय संथ, तीनची, एका सुरावर साधारण एक अक्षर, त्यामुळे जीभ कुठे अडखळते ते लगेच कळतं. आणि शब्द वाच नीट. संध्याकाळची लाली, कोणाच्या तरी पाठीवर बसून बघितलेला चतुर, आणि सांभाळणारी ती मुलगी, जी पंधराव्या वर्षी लग्न होऊन गेली आणि मग तिकडून काही खबरच आली नाही. आपल्याकडे ओव्यांमध्ये आहेच की हे सगळं. पार्टीत म्हणायला नाही, पण एकटीने रोज दोनदा म्हण.

शब्दांचं अजून थोडं. मराठी तोंडाला 'त्सु' फुकटात मिळतो, चमच्यातला च आहे तो जवळपास, 'सु' करून टाकू नकोस. घोळ होतो तो 'न्'ला. 'सेन्सेइ' आपण दोन झटक्यात म्हणतो, गाण्यात त्याच्या बहुतेक वेळा चार मात्रा होतात, से, न्, से, इ, आणि त्या न्‌ला स्वतःचा सूर असतो, तिथे नाकातून गुणगुणायचं. दुसरं म्हणजे बोलताना जे 'स्की' होतं ते गाताना पूर्ण 'सु-की' होतं, क्लासमध्ये कष्टाने शिकलेला तो गिळलेला उ गाताना परत बाहेर काढायचा. शब्द देवनागरीत लिहून घे, रोमनवरून बसवलंस तर दीर्घ स्वर हमखास खाशील.

आता पार्टीचं. खोलीत कोण आहे ते बघ. तुझे बुचो, म्हणजे डिपार्टमेंटचे साहेब, पन्नाशीच्या पुढचे, म्हणजे ते शाळेत असताना गायिका मात्सुदा सेइको टीव्हीवर. तिचं १९८२ चं 'अकाई स्वीट पी' घे, माझं मत विचारशील तर तुझ्यासाठी हेच. घाई नाही, शब्द सुटे सुटे, आणि पहिल्या दोन ओळीत त्या पिढीचे सगळे मान डोलवायला लागतात. संगीतकार म्हणून कुरेता कारुहो असं नाव दिसेल, ती म्हणजे गायिका मात्सुतोया युमी, टोपणनावाने. हे तू बोलून दाखवलंस तर बुचो उरलेली संध्याकाळ तुलाच गाण्यांबद्दल सांगत बसतील, तेव्हा विचार करून बोल.

नाकाजिमा मियुकीचं 'इतो' पण तुला छान बसेल, १९९२ च्या अल्बममधलं, सुरुवात खालच्या सुरात, आणि तुझा खालचा आवाज भरीव आहे. पण ते लग्नात गायलं जाणारं गाणं, सगळे बिअर पिऊन टाळ्या वाजवत असताना मध्येच लावलंस तर खोली गप्प होईल. उतादाचं 'फर्स्ट लव्ह' पुढच्या वर्षी. ऐकताना हळू वाटतं, पण तिची ती श्वास मिसळलेली लकब आणि मध्येच आवाज पातळ करून वर जाणं हे आपल्या खुल्या आवाजाच्या शिकवणीच्या बरोब्बर उलट आहे, वेळ लागेल. एन्का, म्हणजे ती जुन्या वळणाची भावगीतं, मोह पाडेल तुला, 'त्सुगारु काइक्यो फुयुगेशिकी' ऐकलंस की हरकती बघून वाटेल हे तर मला येतंच, आणि येईलही, पण तिथली कोबुशी, म्हणजे ती हरकत, एका ठरलेल्या जागी, ठरलेल्या मापाची असते, आपल्या मुरक्या त्यात पेरल्यास तर इशिकावा सायुरीचे चाहते नम्रपणे हसतील, आणि ते हसणं तुला कळणारही नाही. ॲनिमेचं एकच ठेव, 'झान्कोकु ना तेन्शी नो तेझे', १९९५ चं, तेही सगळे मिळून ओरडतात म्हणून. तुझा आवाज त्यात कोणाला ऐकूच येणार नाही, बिनधास्त.

प्रॅक्टिसला एकटी जा, एकटीच्या कॅराओकेला हितोकारा म्हणतात, वीकडेला दुपारी स्वस्त पडतं, बहुतेक ठिकाणी एक ड्रिंक घ्यावंच लागतं तेवढं. आत गेल्या गेल्या इको शून्यावर आण. इकोमध्ये सगळ्यांचाच आवाज गोड लागतो आणि घरी येऊन रेकॉर्डिंग ऐकलं की तोंड पडतं. गाईड मेलडी सुरुवातीला मोठी, मग हळूहळू बंद. स्कोअरिंग लावलंस तर वर पट्ट्या दिसतात, तुझा सूर बरोबर लागला की पट्टी भरते, आणि खाली शाकुरी (खालून सरकत सुरावर येणं), कोबुशी, व्हायब्रातो यांची मोजणी चालू असते. तुझी शाकुरी धडाधड वाढत जाईल बघ, कारण खालून मींड घेऊन सुरावर यायची आपल्याला सवयच. खूश होऊ नकोस. तेवढा वेळ तू पट्टीच्या खाली आहेस आणि सुराचे मार्क कापले जातायत. एक दिवस मुद्दाम प्रत्येक सूर थेट लाव, मींड नाही काही नाही, अगदी पेटीसारखं कोरडं. मग हवी तिथे परत आण.

अजून एक, दुसऱ्याचं गाणं चालू असताना टॅब्लेटमध्ये डोकं घालून बसू नकोस, टाळ्या वाजव. आणि गाणं थांबवायचं बटण कुठे आहे ते आधीच बघून ठेव, लांबलचक म्युझिक पीसनंतर तिसरं कडवं येणार असेल तर दोन कडव्यांवर स्वतःहून बंद केलेलं लोकांना आवडतंच. वेळ संपायच्या दहा मिनिटं आधी काउंटरवरून फोन येतो, तो उचलायची वेळ आली तर 'एन्चो', म्हणजे वेळ वाढवून घेणं, करायचं का ते बुचोंना विचार, तूच हो म्हणून मोकळी होऊ नकोस.

शनिवारी जाशील तेव्हा 'अकाई स्वीट पी' फोनवर रेकॉर्ड करून पाठव, आणि की किती खाली घेतलीस तेही लिही.

मावशी