कोकणात घरचा बांधकामाचा धंदा सांभाळून दानधर्म करणाऱ्या माणसाचं आयुष्य कसं असतं?

तुम्ही लिहिलंय की देवगडला तुमच्या मामांचा बांधकामाचा धंदा आहे, ते तुम्हाला हाताशी बोलावतायत, आणि गावात दानशूर म्हणून त्यांचं नाव आहे. एवढं द्यायला त्यांना परवडतं कसं, हा तुमचा खरा प्रश्न. मी दापोली तालुक्यातली. आजोबा चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, कामाचे गवंडी, बाबा आणि काकांनी ठेकेदारी सुरू केली, आणि सिव्हिलचा डिप्लोमा झाल्यापासून साइट आणि हिशेब दोन्ही मी बघते. घरातून जे दिसतं ते सांगते.

आमचं वर्ष दसऱ्याच्या सुमारास सुरू होतं. पाऊस गेला की चिरेखाणी उघडतात. जांभा जमिनीतून कापताना मऊ असतो आणि हवा लागली की कडक होत जातो, म्हणून खाणीतून उतरलेला चिरा लगेच भिंतीत घालायला बाबा देत नाहीत. चाकरमान्याला वास्तुशांत मे महिन्यात हवी असते, ते नाही जमलं तर निदान गणपती नव्या घरात बसायला हवा असतो. आगोटीच्या, म्हणजे पाऊस सुरू व्हायच्या, आत स्लॅब पडला नाही तर काम थेट पावसानंतर. पैसे येतात टप्प्याटप्प्याने: जोतं, लिंटेल, स्लॅब, प्लास्टर. सरकारी कामाचं बिल मार्चअखेर निघालं तर निघालं, आणि त्यातली अनामत दोषदायित्वाची मुदत, म्हणजे कामात दोष निघाला तर ठेकेदाराने दुरुस्त करून द्यायची मुदत, संपेपर्यंत अडकून राहते. गवंड्याचा पगार मात्र बाजाराच्या दिवशी द्यावाच लागतो. त्याच्या घरी चूल त्यावर पेटते.

आणि नेमक्या याच दिवसांत पावतीपुस्तकं दारात येतात. शिमगा, देवळाचा जीर्णोद्धार, वाडीच्या क्रिकेटच्या स्पर्धा, शाळेचं कुंपण. कंपनी कायद्यातलं सीएसआर, म्हणजे नफ्यातला वाटा समाजकार्यावर खर्च करायचं बंधन, आम्हाला लागू नाही. वर्षाला ५ कोटी निव्वळ नफा, नाहीतर १००० कोटींची उलाढाल किंवा ५०० कोटींची नक्त मालमत्ता असलेल्या कंपन्यांसाठी तो नियम आहे, त्यांनी सरासरी नफ्याचे २ टक्के खर्च करायचे असतात. आमच्यासारख्यांचं जे जातं ते घरखर्चाच्याच पैशातून. म्हणून परवडतं का, याचं उत्तर बऱ्याच वर्षी ‘नाही’ असंच आहे. आईने सोनं गहाण ठेवून मजुरी भागवलेली मी पाहिली आहे, आणि त्याच महिन्यात देवळाची वर्गणीही गेली होती. ते मला तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही.

माझं ठाम मत असं झालंय की या धंद्यातलं मोठं दान पाटीवर येतच नाही. एक उदाहरण देते. बांधकाम कामगारांसाठी राज्याचं कल्याणकारी मंडळ आहे, बांधकामाच्या खर्चावर १ टक्का उपकर घेऊन ते चालतं. १८ ते ६० वयाच्या कामगाराला नोंदणी करता येते, मुलांच्या शिक्षणाला, आजारपणाला मदत मिळते. पण त्यासाठी मागच्या वर्षभरात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो, आणि तो ठेकेदाराने द्यायचा असतो. पुष्कळ ठेकेदार देत नाहीत, कारण मग हजेरी कागदावर येते. बाबा पावसाळ्यात बसून हे दाखले स्वतः लिहितात. विजापूरकडून आलेल्या आमच्या एका गवंड्याची मुलगी त्या शिष्यवृत्तीवर शिकली. आमच्या खिशातून त्यात काही गेलं नाही, गेला तो वेळ आणि लपवाछपवीची सोय.

दुसरं म्हणजे काम. किनाऱ्याच्या खाऱ्या हवेत सळी लवकर गंजते. भारतीय मानक ४५६ किनारी हवेला ‘तीव्र’ वर्गात धरतं आणि सळीवर ४५ मिलिमीटर काँक्रीटचं कव्हर, म्हणजे सळी झाकणारा थर, मागतं. ते कमी केलं तर पैसे वाचतात आणि गिऱ्हाइकाला पुढची काही वर्षं कळतही नाही. महाडला २४ ऑगस्ट २०२० रोजी पाच मजली इमारत कोसळून १६ माणसं गेली. त्या बातमीनंतर बाबा आमच्या चालू साइटवर गेले आणि तो थर राखायला सळीखाली ठेवतात तो प्रत्येक कव्हर ब्लॉक हाताने तपासत फिरले.

निसर्ग वादळ ३ जून २०२० ला आलं तेव्हा हर्णै, आंजर्ले, केळशी या सगळ्या पट्ट्यात छपरं उडाली, माडा-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. पाऊस दारात, टाळेबंदीमुळे पत्रे आणि हुक मिळेनात. आमच्या गोदामात जे होतं ते बाबांनी काढलं. सामानाचे पैसे ज्यांना जमले त्यांच्याकडून घेतले, सुतारांची मजुरी स्वतः दिली. गावकीतून निरोप आला की आधी देवळाचं छप्पर करा. बाबांनी म्हाताऱ्या माणसांची घरं आधी घेतली आणि देऊळ मागे ठेवलं. त्यावरून बोलणी बसली, काका कित्येक दिवस जेवायला एका पंगतीत बसले नाहीत. काकांचं म्हणणंही खोटं नव्हतं, त्या पत्र्यांवर आमच्याच दोन गिऱ्हाइकांचा हक्क होता. एकत्र धंद्यात उदारपणा एकाचा असतो आणि झळ सगळ्यांना लागते, हे तुम्ही मामांकडे जाण्याआधी लक्षात घ्या.

रत्नागिरीकडे या विषयावर भागोजीशेठ कीरांचं नाव निघतंच. गरिबीतून वर येऊन मुंबईत बांधकामात कमावलेला माणूस. सावरकर रत्नागिरीत स्थानबद्ध असताना त्यांच्या प्रेरणेने भागोजीशेठांनी पतितपावन मंदिर बांधून दिलं. १९३१ मध्ये ते सर्व जातींसाठी खुलं झालं. देवळं त्यांच्याआधीही शेठलोक बांधतच होते. आत कोणाला घ्यायचं हे ठरवून पैसे घातले, म्हणून मला ते दान वेगळं वाटतं.

मामांकडे जायचं ठरलं तर गणपतीत पाहुणे म्हणून जाऊ नका, एप्रिल-मे मध्ये जा. महिनाभर साइटवर उभे राहा, बाजाराच्या दिवशी पगार वाटताना शेजारी बसा, आणि मामांना मजुरांच्या हजेरीची वही मागा. मामी आणि मामेभावंडांशीही वेगळं बोला, देण्याबद्दल त्यांना काय वाटतं ते विचारा. मग पगाराचं आणि भागीदारीचं आधी कागदावर घ्या, मामा असले तरी.