लेकीला केमिकलला घालू का? डोंबिवलीच्या एका आईला उत्तर

ताई नमस्कार,

तुमचा मेल दोनदा वाचला. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. मुलगी बारावी सायन्सला, पीसीएम ग्रुप, घर डोंबिवलीत एमआयडीसीच्या जवळ. २३ मे २०२४ च्या स्फोटात बेडरूमच्या खिडकीच्या काचा बेडवर पडल्या, दुपार होती म्हणून तिथे कोणी झोपलेलं नव्हतं एवढंच. तेव्हापासून लेक भोपाळ, चेर्नोबिल असलंच काहीबाही युट्यूबवर बघत असते नि म्हणते मला प्रदूषणावर आणि अशा अपघातांवरच काम करायचंय. बाबा म्हणतात कॉम्प्युटर घे. आणि तुम्हाला वाटतंय एन्व्हायर्नमेंट सायन्सला घातली तर निदान पोरगी कारखान्याच्या आत तरी जाणार नाही.

ताई, मी उलटंच सांगणार आहे, रागावू नका. तिला खरंच हेच करायचं असेल तर आधी केमिकल इंजिनिअरिंग आणि मग एमटेकला एन्व्हायर्नमेंट किंवा प्रोसेस सेफ्टी. कारण धूर चिमणीतून बाहेर आल्यावर मोजणारे बरेच आहेत, तो आत कुठल्या टाकीत, कुठल्या व्हॉल्व्हपाशी तयार होतो ते कळणारी माणसं कमी.

भोपाळचंच घ्या. २ डिसेंबर १९८४ ची रात्र, युनियन कार्बाइडच्या कीटकनाशक कारखान्यातली ६१० नंबरची टाकी, आत चाळीसेक टन मिथाइल आयसोसायनेट हे विषारी रसायन, त्यात पाणी गेलं, टाकी तापली आणि गॅस झोपलेल्या वस्त्यांवर गेला. पाणी कसं गेलं यावर अजून वाद आहे, तो सोडा. मला विद्यार्थ्यांना सांगायचं असतं ते पुढचं. हा माल थंड ठेवायचा असतो, तर कूलिंग काही महिने आधीच बंद केलेलं. गॅस धुवून काढणारा स्क्रबर स्टँडबायवर. उरलेला गॅस जाळणारी फ्लेअर बंद, कारण तिच्या पाइपचा तुकडा रिपेअरसाठी काढून ठेवलेला. माणसंही कमी केलेली. आणि राजकुमार केसवानी नावाच्या भोपाळच्याच पत्रकाराने १९८२ पासून लिहून ठेवलं होतं की हे शहर धोक्यात आहे. म्हणजे केमिस्ट्री कोणाला माहीत नव्हती असं नाही हो, माहीत असलेल्यांचं कोणी ऐकलं नाही.

तेव्हाच्या सोव्हिएत संघातल्या चेर्नोबिलच्या अणुप्रकल्पात तेच, फक्त भाषा रशियन. २६ एप्रिल १९८६ ला चार नंबरच्या रिअॅक्टरवर टेस्ट चालू होती, रिअॅक्टर बंद करायचं बटण दाबलं तर पॉवर कमी व्हायच्या ऐवजी वाढली, कारण रिअॅक्शन थांबवायला आत सोडतात त्या कंट्रोल रॉडच्या टोकांना ग्रॅफाइट, आणि ते उलट रिअॅक्शन वाढवतं. हा दोष १९८३ मध्ये इग्नालिनाच्या तशाच अणुप्रकल्पावर दिसलेला होता, पण चेर्नोबिलच्या ऑपरेटरांना तो नीट सांगितलेलाच नव्हता.

जपानमधल्या फुकुशिमाची गोष्ट मात्र तिला मुद्दाम सांगा, आणि फुकुशिमाच्या आधी ओनागावाची. ११ मार्च २०११ चा भूकंप, त्याच्या केंद्राला ओनागावाचा अणुप्रकल्प फुकुशिमापेक्षा जवळ. तिथे तेरा मीटरच्या आसपास पाणी आलं आणि प्लांट सुरक्षित राहिला, कारण तो बांधताना यानोसुके हिराई नावाचे एक इंजिनिअर हटून बसले होते की जागा समुद्रापासून पंधरा मीटर उंच हवी. बाकीच्यांना तो फालतू खर्च वाटत होता. इ.स. ८६९ मध्ये त्या किनाऱ्यावर मोठी त्सुनामी आली होती हे हिराई विसरले नव्हते. लाट आली तेव्हा ते हयात नव्हते, पण गावातली तीनेकशे माणसं घरं गेल्यावर आसऱ्याला त्या अणुप्रकल्पातच जाऊन राहिली! फुकुशिमात कंपनीच्या स्वतःच्याच २००८ च्या हिशोबात पंधरा मीटरच्या वर लाट येऊ शकते असं निघालं होतं, तो कागद तसाच राहिला, बेसमेंटमधले डिझेल जनरेटर बुडाले आणि कूलिंग गेलं.

हे सगळे एका रात्रीचे अपघात. प्रदूषण हळू मारतं, म्हणून ते सांभाळायला जास्त चिवट माणूस लागतो. जपानच्याच मिनामाताला कारखान्याच्या सांडपाण्यातला पारा माशांत आणि माशांतून माणसांत गेला, आजार १९५६ मध्ये समोर आला, १९५९ मध्ये कंपनीच्याच हॉस्पिटलच्या डॉक्टर होसोकावांनी ते पाणी मांजराला खाण्यातून देऊन आजाराचं कारण सिद्ध केलं, कंपनीने गप्प बसवलं आणि पाणी सोडणं थांबायला १९६८ उजाडलं.

मी विद्यार्थ्यांना सल्ला देण्याच्या या कामात येण्याआधी काही वर्षं एका प्लांटवर होतो, नाव नको. कंट्रोल रूममधला एक अलार्म सारखा वाजायचा म्हणून कोणीतरी बझरवर कापूस दाबून वर चिकटपट्टी लावलेली. वर्षभर तरी असेल ती, पट्टी पिवळी पडलेली. मी रोज बघायचो आणि काही बोललो नाही, नवीन होतो ना. तुमच्या लेकीने बोलावं अशी अपेक्षा करण्याआधी हे सांगणं भाग आहे.

आता पोटापाण्याचं. सेफ्टी ऑफिसर मोठ्या आणि धोकादायक कारखान्यांना कायद्याने ठेवावाच लागतो, त्यासाठी डिग्रीनंतर इंडस्ट्रियल सेफ्टीचा अॅडव्हान्स्ड डिप्लोमा करतात. भोपाळनंतर १९८७ मध्ये फॅक्टरी अॅक्टच बदलला, म्हणून या कामाला वजन आलं. पण काम एकटं पाडणारं आहे, प्रॉडक्शनवाले तुम्हाला ब्रेक समजतात. कन्सल्टन्सीत पगार बरा, फॉर्म भरणं जास्त. रिसर्च आवडत असेल तर नागपूरची नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था, पवईच्या आयआयटीत एन्व्हायर्नमेंटचा विभाग. रेडिएशनचं वेड टिकलं तर बीएआरसीचं, म्हणजे भाभा अणुसंशोधन केंद्राचं, ट्रेनिंग स्कूल आहे, निवड अवघड पण शिकताना स्टायपेंड. आणि माटुंग्याची आयसीटी, केमिकल टेक्नॉलॉजीची संस्था, तर तुमच्याच लोकल लाइनवर, सीईटीचा अभ्यास मात्र आत्तापासून, युट्यूब कमी.

बाबांना सांगा कॉम्प्युटरही वाया जात नाही, गॅस किती आणि कुठे पसरेल याचं मॉडेलिंग कॉम्प्युटरवरच होतं.

तुमचा शेवटचा प्रश्न, मुलीला प्लांटवर पाठवतात का. पाठवतात, आणि जायलाच पाहिजे. त्याआधी एक करा. सुट्टीत ओळखीतून परवानगी काढून तिला एमआयडीसीचं सामाईक सांडपाणी प्रक्रिया केंद्र दाखवून आणा, सगळ्या कारखान्यांचं पाणी येऊन पडतं त्या पहिल्या टाकीच्या कठड्यापाशी दहा मिनिटं उभी राहू दे. बाहेर आल्यावर तिने प्रश्न विचारले तर मला परत लिहा, आणि नुसती डोकं दुखतंय म्हणाली तरी लिहा.